उंबऱ्याबाहेरचं ताट

मालेगाव (जहाँगीर)

प्रिय हलिमा बेटी,

आधी तुझं तोंड गोड. पुण्याच्या दिवाळी अंकाच्या स्पर्धेत तुझ्या गोष्टीचा पहिला नंबर आला, ही बातमी तुझ्या अब्बांनी बांगड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं टाकून पळत येऊन सांगितली. हबीबभाईला मी इतक्या वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं. काचेच्या धंद्यातला माणूस, जपून चालायची सवय. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, "जगदेवभाऊ, पोट्टीनं कमाल केली!" आणि ओट्यापाशी आल्यावर एकदम आवाज खाली आणून, आमच्या बंद दाराकडं पाहत म्हणाला, "माफ करजा, इथं हळू बोलाचं असते, भुललोच." तेव्हा बेटी, तू तिकडं धनजला आणि मी इकडं, फोनवर पोटभर बोलायचं सोडून कागद घेऊन बसलोय, त्याचं कारण हे. आमच्या दाराशी माझा आवाज निघू द्यायचा नाही, असं सध्या चाललंय. का, ते तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं ओघात येईल.

बक्षिसाच्या भाषणात आपल्या भुतांच्या गोष्टींच्या मंडळाबद्दल सांगशीलच, तर नीट सांग. लोक काहीबाही पसरवतात. गोविंदसिंग तर सांगत फिरतो की मंडळ त्याच्या एसटीत सुरू झालं, तो स्टेअरिंगवर गोष्ट सांगायचा आणि प्रवासी आपला स्टॉप विसरायचे. खोटं. मंडळ माझ्या पिठाच्या गिरणीत सुरू झालं, आणि तेही लाइन जायची म्हणून. भरदुपारी लाइन गेली की दळणाचे डबे ओळीत ठेवून बाया ताटकळायच्या. गिऱ्हाईक उठून घरी जाऊ नये म्हणून मी चहा सांगायचो आणि एखादं भूत मोकळं सोडायचो. माझं शिक्षण पाचवी. पण पीठ उडून भुवया-मिश्या पांढऱ्या झालेला माणूस अंधाऱ्या गिरणीत बोलायला लागला म्हणजे निम्मं काम आपसूक होतं. मग एकदा ध्यानात आलं, की गोष्ट खरी उतरली असेल तर हातातला चहा तसाच राहतो आणि वर साय धरते. तिथून आपली रीत निघाली. वाचनाआधी चहा वाटायचा आणि शेवटी ज्याचा कप भरलेला, तो घाबरला. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. लेखकानं कपात डोकावून पाहायचं आणि गप खाली बसायचं.

तू पहिल्यांदा आलीस ती आईनं दिलेला ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन. मी पोहरादेवीच्या जत्रेहून परतणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगत होतो. सगळ्या बाया गार पडल्या, आणि तू डब्यावर बसून विचारलंस, "काका, तिचे पाय उलटे काहून दाखवले? सरळच राहू द्या ना. उलटे पाय पाह्यले म्हनजे लोक पळतीन. सरळ असले तं घरात घेतीन." त्या दिवशी चहा माझाच राहिला. घरात उर्दू बोलणारी पोर, पण भुतं सगळी मराठीत लिहिणारी. हबीबभाईला मी तेव्हाच सांगितलं होतं, हिचं दळण बारीक आहे.

नाहीतर आपल्यासारख्यांना विचारतं कोण, सांग. जिल्ह्याच्या त्या साहित्य मेळाव्यात आपलं वाचन नेमकं जेवणाच्या पंगतीच्या वेळेला ठेवलं होतं. समोर ऐकायला मंडपवाला, त्याचा झोपलेला गडी आणि आपणच. एक कवी हात धुता धुता म्हणाले, भुतंखेतं म्हणजे साहित्य नव्हे, दळण आहे. गोविंदसिंगनं तिथल्या तिथं विचारलं, "मंग साहेब, आता पोळ्या खाल्ल्या त्या काय बिनदळनाच्या होत्या?" परतताना एसटीत आपण रडेस्तोवर हसलो. पण हसून झाल्यावर प्रत्येक जण खिडकीबाहेर पाहत बसला होता, ते मी विसरलो नाही. कुणीतरी आपल्याला लेखक म्हणावं, एवढीच भूक होती. ती आपण आपसातच भागवली. शहबाजच्या मोबाइलच्या दुकानामागं, माझ्या गिरणीत, जागा मिळेल तिथं बसलो आणि एकमेकांना लेखक म्हणालो. म्हणून तुझा नंबर आला तेव्हा तो सगळ्यांचाच आला. हे मी मनापासून लिहितोय. पुढं वाचताना हे ध्यानात ठेव.

तुझ्या काकूला, कस्तुराला, मात्र माझ्या भुतांची कधी भीती वाटली नाही. नवी गोष्ट मी आधी तिलाच सांगायचो. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "तुमच्या भुताले काई कामधंदा नाई का जी? शेतात तरी पाठवा त्याले." पुढं तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीतलं मीठ, मग बहिणीचं नाव, मग मी. अकोल्याच्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे आता असंच वाढत जाणार म्हणाला. एका सकाळी मी आंघोळ करून आत आलो तर ती सुनेच्या पाठीमागं दडली. "योगिनी, हा बुडा कोन हाय? माह्या घरात काहून फिरून राह्यला?" त्या दिवसापासून मी घरात शिरलेला चोर. ती उशीखाली लाटणं ठेवून झोपायची. मी पाणी प्यायलो तर माठ धुवून काढायची. मी खोकललो की तिचे हात कापायचे. आयुष्य मी लोकांना घाबरवण्यात घालवलं, हलिमा, पण घाबरलेलं माणूस खरं कसं दिसतं ते मला माझ्याच स्वयंपाकघरात कळलं.

तुला मात्र ती ओळखायची, का कोण जाणे. तू सुट्टीच्या दिवशी यायचीस, तिचे केस विंचरायचीस, तुझ्या हातून ती दूध प्यायची. तुझा हात घट्ट धरून सांगायची, "पोरी, माह्या मालकाले निरोप दे. घरात एक मानूस शिरला हाय. त्यायचेच कपडे घालून फिरते. त्यायच्याच खुर्चीवर बसते. मालक आले की त्याले हाकलतीन." मी शेजारच्या खोलीत त्याच खुर्चीवर बसून ऐकायचो. तू तिचे डोळे पुसलेस, पांघरूण घातलंस आणि तिचे शब्द पदराला बांधून घरी नेलेस.

मंडळात तू गोष्ट वाचलीस तेव्हा पहिल्या ओळीलाच मला आमच्या माठाचा वास आला. म्हातारी सांगते, घरात परका फिरतो. कुणाला पटत नाही. शेवटी तिलाच उमगतं, की हा परका नाही, हा माझा नवराच. तो मेलाय, पण मेल्याचं त्याला कळलेलं नाही, म्हणून फिरतो. मग ती त्याचं ताट उंबऱ्याबाहेर वाढते. मेलेल्यानं एकदा बाहेर बसून जेवलं की त्याला घर सुटतं. तो बोलत नाही, ती दार लावून घेते. संपलं. ताटाची ती रीत आपल्या मुलखात कुठंच नाही, तू मनची घडवलीस, आणि इतकी पक्की घडवलीस की आता आमच्या गल्लीतल्या बाया शपथेवर सांगतात, आमच्या आजीच्या काळी असंच होतं. सगळे कप भरलेले होते. पण कपांकडं पाहतो कोण? सगळे माझ्याकडं पाहत होते. शहबाजनं उठून माझं मनगट धरलं, "काका, चालू हाय ना मीटर?" हसून हसून गोविंदसिंगला ठसका लागला. मीही हसलो. पास, म्हणालो. गोष्ट पास होतीच. अस्सल होती.

शहबाजनं ती तुझ्या आवाजात त्याच्या चॅनलवर टाकली आणि आपल्या मंडळाला न लाभलेलं सगळं एका महिन्यात लाभलं. लोक गोष्टीतल्या मेलेल्या नवऱ्याचा पत्ता काढत येऊ लागले. "भूतकाका, एक फोटो." कारंज्याच्या पोरांनी मला दाराबाहेर ताट घेऊन बसवलं, मान जरा वाकडी करा म्हणाली. मी केली. एका मोठ्या लेखकानं मला शाल पांघरून म्हटलं, तुम्ही या तरुण पिढीचं जिवंत प्रेरणास्थान आहात, आणि 'जिवंत'वर सगळी मंडळी पुन्हा हसत सुटली. बिचाऱ्यानं जीभ चावली. मी म्हटलं, राहू द्या साहेब, आमच्यात चालतं.

आता तुला माहीत नसलेलं. योगिनीनं एका सकाळी तुझी गोष्ट स्वयंपाकघरात लावली. तिचा बिचारीचा हेतू साधा, सासूला तुझा आवाज ऐकून बरं वाटतं. कस्तुरा लसूण सोलत होती. अर्ध्यावर तिचे हात थांबले. गोष्ट संपल्यावर तिनं सोललेला लसूण वाटीत लोटला. मग म्हणाली, "असं हाय व्हय? मंग मले कोनी सांगाले नाई पाह्यजे?" उठली, कपाळाचं कुंकू पदरानं पुसलं, हातातल्या बांगड्या काढल्या. तुझ्याच अब्बांच्या दुकानातल्या, हिरव्या. फोडल्या नाहीत. एक एक करून काढून ताकाचं भांडं पुसावं तशा पुसल्या आणि देव्हाऱ्याखाली ठेवल्या. मी दारात उभा राहून माझ्या बायकोला विधवा होताना पाहिलं. ती माझ्याकडं वळली. त्या आजारात पहिल्यांदाच तिचे हात कापले नाहीत. तिनं दाराबाहेरच्या ओट्याकडं बोट केलं. "तठी बसा. वाढून आनतो."

ताटात पिठलं, भाकरी, जवसाची चटणी. आणि कांदा, बुक्कीनं फोडलेला. चाकूनं चिरलेला कांदा मी खात नाही हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. घरातल्या त्या चोराला तिनं कधी कांदा फोडून दिला नव्हता. तो तिनं नवऱ्याला दिला. मग दार लावून, कडी घालून ती आतल्या बाजूला टेकून बसली आणि बोलायला लागली, आमच्या लग्नानंतर बोलायची त्याच आवाजात. "आयकता ना? तुमी गेले अन् एक मानूस शिरला होता घरात. लय तरास देल्ला जी त्यानं. तुमचे कपडे घालत जाय. मी कोनाले सांगू? आता गेला तो. तुमी काळजी नका करू. योगिनी बरी हाय, फक्त भाकर जाड करते." मी घास तसाच तोंडात धरून ऐकत राहिलो. तुझ्या गोष्टीतला मेलेला बोलत नाही, म्हणून मी हूं की चूं केलं नाही.

तेव्हापासून असंच आहे. मी घराला लागूनच्या बंद गिरणीत झोपतो, दोन वेळा ओट्यावर जेवतो. उन्हातान्हात ताट येतं, सणाला पुरण येतं. ती दाराआडून दिवसभराचं सगळं सांगते, कधी भांडते सुद्धा, "तुमी मेले ते बरं केलं, उधारीवाले तरी येत नाईत." आतून हसू ऐकू येतं. लाटणं पुन्हा पोळपाटावर गेलं. योगिनी म्हणते, "मामाजी, आई आता रातभर सुदी झोपते जी." ऋषिकेशला मात्र हे पटलं नाही. पोटचा पोर, त्याला बाप ओट्यावर बघवेना. एके दिवशी माझा हात धरून मला आत घेऊन गेला. "आई, पाहाय नीट, बाबा जित्ते हायत!" ती पलंगाखाली शिरली, हलिमा. एवढ्याशा फटीत. बाहेर काढेपर्यंत तिची नखं फरशीवर घासून रक्ताळली होती, आणि पुढं आठ दिवस, ताट पुन्हा ओट्यावर येईस्तोवर, तोच जुना चोर, तोच माठ, तेच लाटणं परत आलं. ती माझं नाव विसरली, दिवस विसरली, स्वतःचं वय विसरली. भीती तेवढी विसरत नाही. ऋषिकेश आता ओट्यावरून जाताना माझ्याकडं पाहत नाही.

आणि मग मागच्या बैठकीत तू पुढचा भाग वाचलास. काय बोलू? म्हातारी रोज ताट वाढते, दाराआडून बोलते, सुखात आहे. आणि शेवटी तिला कळतं, की रोज ताट चाटूनपुसून खाणारा तो तिचा नवरा नव्हताच. नवरा पहिल्याच दिवशी उपाशी निघून गेला. हे दुसरंच कुणी आहे, तिच्या बोलण्यावर आणि तिच्या भाकरीवर माजलेलं, आणि आता त्याला आतली वाट कळली आहे. गोविंदसिंगनं शिवी हासडली, म्हणजे त्याला भारी आवडलं. माझा कप ओठापर्यंत सुद्धा गेला नव्हता. मीच सगळ्यांआधी पास म्हणालो, कारण तसला शेवट मला सात जन्मात सुचला नसता.

पण नंतर तू म्हणालीस, चहाची रीत आता जुनी झाली काका, आपली माणसं घाबरली त्यात काय मोठं. रविवारी येतो, काकूंना समोर बसवून वाचतो, शहबाज त्यांचा चेहरा शूट करेल. काकूंचा चेहरा मिळाला तर या भागापुढं सगळ्या महाराष्ट्रात कुणी उभं राहणार नाही. शहबाज म्हणाला, "कडक!" मंडळींनी टेबलं बडवली. मी म्हणालो, पोरी, ती घाबरेल. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणालीस, "दुसऱ्या दिवशी त्यायले कुठं आठवते काका?" त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मंडळात बसलेला असलो की मी लेखक असतो ना.

तर बेटी, हे पत्र त्यासाठी. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तू तिला फोनवर सांगून बसलीस की पुढं काय झालं ते मीच येऊन सांगतो, आणि ती रोज दाराआडून मला विचारते, "हलिमा कवा येते? तुमचं पुढं काय झालं ते सांगनार हाय ती." तू आली नाहीस तर ती दिसेल त्याला विचारत बसेल, आणि गल्लीतलं कुणीतरी ऐकीव सांगूनच टाकेल. म्हणून ये. तिच्याजवळ बस, केस विंचर, आणि तिला एवढंच वाचून दाखव, की तो रोज येतो, जेवतो, सगळं ऐकतो, आणि तो तिचाच नवरा आहे. यात गोष्ट नाही, मला कळतं. असलं काही तू मंडळात वाचलं असतंस तर मीच तुला मधेच थांबवलं असतं. पण मला घरात परत घे असं मी तुला म्हणत नाही, तसला शेवट लिहू पण नकोस. मेलेला राहू दे. फक्त त्या ओट्यावर मला सोडून दुसरं कुणी बसवू नकोस. त्याचं ताट ती वाढणार नाही. आणि तुला घाबरलेला चेहरा पाहिजेच असेल, तर तो मोबाइल दाराच्या आत नेऊ नका, बाहेर माझ्यासमोर लावा. मी जेवायला बसलेला असेन. कस्तुराचं बोलणं संपून ती आत गेली की तुझा पुढचा भाग मला वाच, हळू आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत. शहबाजला म्हणावं, लाइट नीट लाव. चेहरा मिळेल.

तुझाच काका,
कै. जगदेव